मॅनहोलला लाइन क्लिअर कोणी दिली?



रेल्वेत लागलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवली जाते. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. गाडी दोन तास लेट असो, फलाटावर मोठे साहेब उभे असोत, प्रवासी ओरडत असोत, लाइन क्लिअर नाही म्हणजे नाही. ओव्हरहेड तारेवर काम करायचे असेल तर आधी पॉवर ब्लॉक, मग हातात लेखी परमिट, मग अर्थिंग आणि त्यानंतरच शिडीवर पाय. हे नियम कोणाच्या दयेने आलेले नाहीत. आपल्या आधीच्या पिढ्यांतील माणसे गेली, चौकशा झाल्या, संघटनांनी भांडण मांडले, तेव्हा हे नियम झाले.

टपाल खात्यातही तेच. नोंदणीचे पत्र एका हातातून दुसऱ्या हातात सहीशिवाय जात नाही. २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, पण सहीचे महत्त्व त्यामुळे संपलेले नाही. पार्सल गहाळ झाले तर ते कोणाच्या हातातून गेले हे शोधता येते, कारण प्रत्येक टप्प्याची नोंद असते.

आता शहराच्या रस्त्यावर या. पहाटेची वेळ, ड्रेनेज तुंबलेले, नगरसेवकाचा फोन आलेला. मुकादम येतो, पहारीने मॅनहोलचे झाकण सरकवतो. एका माणसाच्या कमरेला दोरी बांधली जाते, कधी तीही नाही. तो आत उतरतो. त्याला कोणी उतरवले? कोणाच्या सहीने? आतली हवा तपासली होती काय? वर कोण थांबले आहे? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कागदावर सापडत नाही. शंभर रुपयांच्या पार्सलाला पोचपावती आहे. गटारात उतरवलेल्या माणसाला पावती नाही.

महापालिका व नगरपालिकांच्या कामगारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आमच्या मते इथे येऊन थांबतो. हातमोजे, गमबूट हवेतच. परंतु खरा प्रश्न सहीचा आहे, म्हणजेच जबाबदारीचा आहे.

माणूस मरतो कसा?

गटारात मरण कसे येते हे आपण सर्वांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण या मृत्यूला "दुर्दैवी अपघात" म्हणण्याची सवय सर्वांना लागली आहे.

बंद जागेत मैला कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास गेला म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते आणि नेमका त्याच वेळी धोका सर्वांत मोठा असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. वर शांत दिसणारा गाळ फावड्याने ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. प्रमाण फार असेल तर काही श्वासांत माणूस कोसळतो. त्याच जागेत प्राणवायू कमी झालेला असतो, आणि पेट घेणारा मिथेनही असू शकतो. म्हणून जळती काडी टाकून हवा पाहण्याची जुनी पद्धत स्वतःच जीवघेणी आहे. हवेचा अंदाज नाकाने किंवा काडीने घेता येत नाही. त्याला यंत्र लागते.

यातला दुसरा भाग अधिक दुःखाचा आहे. आत गेलेला माणूस हाक देईनासा झाला की वरचा सोबती थांबत नाही. तो भाऊ असतो, मेव्हणा असतो, रोज एका डब्यात जेवणारा असतो. तोही उतरतो आणि तोही परत येत नाही. म्हणूनच या बातम्यांत बहुधा एक माणूस नसतो, दोन, तीन, पाच असतात. २०१५ च्या नोव्हेंबरात केरळातील कोळिकोड येथे मॅनहोलमध्ये कोसळलेल्या दोन कामगारांना वाचवण्यासाठी रस्त्यावरचा एक रिक्षाचालक उतरला. त्या कामगारांशी त्याचे ना नाते होते ना ओळख. तिघेही गेले. २०१८ च्या सप्टेंबरात दिल्लीत एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात पाच कामगार गेले. २०१९ च्या डिसेंबरात मुंबईत गोवंडीला एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तिघे गेले.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईत ३७७ माणसे दगावली. हा सरकारी आकडा आहे. ज्यांची नोंदच झाली नाही ते यात नाहीत.

१९४८ आणि २०१३

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. उलट, कायद्याचा इतिहास पाहिला म्हणजे मन विषण्ण होते.

१९४८ च्या कारखाना कायद्यात ३६ वे कलम होते. कारखान्यातील टाकी, खड्डा, मोठा नळ अशा बंदिस्त जागेत विषारी वायूची शक्यता असेल तर तेथे कामगाराला सहजासहजी उतरवता येत नसे. ती जागा निर्धोक असल्याचा जाणकार व्यक्तीचा लेखी दाखला हवा, किंवा कामगाराला श्वसनयंत्र हवे आणि त्याच्या पट्ट्याची दोरी बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवी. (पुढे हा कायदा २०२० च्या व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला.) म्हणजे टाकीत माणूस कसा मरतो आणि कसा वाचवता येतो, हे स्वातंत्र्य मिळाले त्याच सुमारास सरकारला पुरते ठाऊक होते. पण रस्त्यावरचे गटार म्हणजे कारखाना नव्हे. त्यामुळे कारखान्यातील कामगाराला मिळालेले हे संरक्षण मॅनहोलच्या काठापर्यंत पोहोचले नाही.

१९९३ मध्ये हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा झाला. त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता, गटारावर नव्हता. गटारे आणि सेप्टिक टँक यांतील धोकादायक सफाईला कायद्याने मनाई व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. कारखान्यातील माणूस आणि गटारातील माणूस यांच्यामध्ये कायद्याने पासष्ट वर्षांचे अंतर ठेवले.

हे अंतर का पडले? उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली गटारे व सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली तेव्हा त्यांतील सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. रेल्वेच्या गँगमध्ये राबणाऱ्या माणसांसमोर ते बोलत होते. मॅनहोलच्या तोंडाशी हे दोन्ही शत्रू आजही एकत्र उभे दिसतात. जात ठरवते आत कोण उतरणार, आणि कंत्राट ठरवते की तो किती स्वस्तात उतरणार.

कागदावरचे नियम

२०१३ च्या कायद्याखाली जे नियम झाले ते वाचण्यासारखे आहेत. माणसाला गटारात उतरवण्याची वेळ अपवादानेच यावी आणि तीही स्थानिक संस्थेच्या मुख्याधिकाऱ्याने कारणे नोंदवून दिलेल्या लेखी परवानगीने. वाहिनी आधी पूर्ण रिकामी केलेली असावी. आतल्या हवेत प्राणवायू किती, विषारी आणि ज्वालाग्राही वायू किती, हे तपासलेले असावे. जागेवर किमान तीन कामगार असावेत, त्यांपैकी एक पर्यवेक्षक. काम दिवसाउजेडीच व्हावे. सलग दीड तासापेक्षा अधिक नाही आणि मध्ये अर्धा तास विश्रांती. कामगाराचा किमान दहा लाखांचा विमा मालकाने उतरवावा. कलम ७ चा भंग केला तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वाचून रेल्वेच्या माणसाला वाटेल की हे तर आपल्या परमिटसारखेच आहे. आहेच. फरक इतकाच की परमिट नसताना तारेला हात लावला तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी चौकशी बसते. नगरपालिकेत परवानगीचा कागदच फाडला जात नाही.

केंद्राने २०२२ आणि २०२३ मधील ५४ मृत्यूंची पाहणी करवून घेतली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये बाहेर आले. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते. ३८ जणांना कोणीतरी वैयक्तिकरीत्या कामावर बोलावले होते. सरकारी नोकरीतले फक्त पाच होते.

हे आकडे पुन्हा वाचा. नियम कायम कामगारासाठी लिहिला जातो आणि मरतो तो रोजंदारीवरचा. पालिका म्हणते तो आमचा नाही. ठेकेदार म्हणतो मी पोटठेका दिला होता. पोटठेकेदाराचा मोबाइल बंद असतो. मुंबईतील कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना तर एके काळी कागदोपत्री 'स्वयंसेवक' ठरवले गेले होते. म्हणजे पगार नाही तर मानधन, आणि हक्क कोणताच नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार म्हणून मान्यता मिळाली. आमच्या मते हा जितका पगाराचा निकाल होता तितकाच सुरक्षिततेचाही होता. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याच्यासाठी कोणीतरी उत्तर द्यायला बांधील असतो.

न्यायालयांनी आपल्या परीने बरेच केले आहे. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. गोवंडीच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने ही भरपाई सरकारने द्यावी आणि जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावी असे ठरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्कम तीस लाखांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश झाला. भरपाई हवीच, ती वेळेवर हवी. पण भरपाई हे मेल्यानंतरचे धोरण आहे. कामगार चळवळीला जिवंतपणीचे धोरण हवे आहे.

यंत्रे आहेत, माणूस स्वस्त आहे

यंत्रे मिळत नाहीत ही सबबही आता टिकत नाही. हैदराबादने २०१७ पासून अरुंद गल्ल्यांत शिरणाऱ्या छोट्या जेटिंग गाड्या वापरल्या. दिल्लीने २०१९ मध्ये अशा दोनशे गाड्या रस्त्यावर आणल्या. तिरुवनंतपुरममध्ये २०१८ साली मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव कामाला लावला गेला. हे सगळे आपल्याच देशात, आपल्याच अभियंत्यांनी केले. तरीही माणूस उतरवला जातो, कारण यंत्राला डिझेल लागते, चालक लागतो, देखभाल लागते. माणसाला एका दिवसाची मजुरी पुरते.

म्हणून "यंत्र घ्या" एवढी मागणी अपुरी आहे. यंत्र कोपऱ्यात उभे राहून गंजू शकते. माणूस उतरवणे यंत्रापेक्षा महाग पडेल अशी व्यवस्था केली तरच यंत्र चालेल. आणि ते महाग पडेल ते सही करणाऱ्याला उत्तर द्यावे लागले तरच.

चौकशी कोणी करायची?

रेल्वेच्या अनुभवातून आणखी एक धडा आहे. गाडीचा मोठा अपघात झाला की चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसतात. १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षक यंत्रणा बोर्डापासून वेगळी करून तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आली. आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. तत्त्व साधे आहे : जो गाडी चालवतो त्याने स्वतःच्या चुकीचा न्याय करायचा नाही.

गटारातील मृत्यूची चौकशी मात्र बहुधा ज्या खात्याने काम दिले तेच खाते करते. ठेकेदाराला काळ्या यादीत टाकले, कनिष्ठ अभियंत्याला निलंबित केले, फाइल बंद. म्हणूनच या मृत्यूंचीही चौकशी पालिकेच्या बाहेरच्या स्वतंत्र अधिकाऱ्याने करावी, तीत कामगार संघटनेचा प्रतिनिधी असावा आणि अहवाल जाहीर व्हावा.

आपले घरही तपासू या

हे सर्व लिहिताना आपण हात झटकून बाजूला उभे राहू शकत नाही. २०१४ च्या त्याच निकालात रुळांवरची हाताने मैलासफाई ठरावीक मुदतीत बंद करण्यास सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला बजावले होते. त्यानंतरच्या वर्षांत डब्यांत जैव-शौचालये बसली आणि रुळांवरची घाण पुष्कळ कमी झाली. परंतु स्टेशनांची सफाई कंत्राटदारांकडे गेली. तिथल्या बायका कोणत्या रसायनाने फलाट धुतात, त्यांच्या हातांचे काय होते, हे आपल्या शाखेने कधी विचारले आहे का?

स्वतःच्या सुरक्षिततेतही आपण निश्चिंत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये दाखवून दिले की २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात गाड्यांच्या मोठ्या अपघातांत जितकी माणसे गेली, त्यापेक्षा अधिक, सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी, कामावर असताना गेले. रुळावरचा गँगमन आणि गटारातील सफाई कामगार यांचे मरण एकाच कारणाने येते : काम थांबवायचे नाही, मग माणूस थांबला तरी चालेल.

आमचे वाचक भुसावळला आहेत तसे इटारसी, झाशी, सिकंदराबाद, हुबळी आणि बिलासपूरलाही आहेत. प्रत्येक गावात रेल्वे कॉलनी आहे, टपाल कर्मचाऱ्यांच्या वसाहती आणि सोसायट्या आहेत. तिथेही सेप्टिक टँक आहेत आणि तेही तुंबतात. कलम ७ पालिकेला लागू आहे तसे तुमच्या-आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लागू आहे. उद्या आपल्या इमारतीखाली पाचशे रुपयांत माणूस उतरवला गेला आणि तो परत आला नाही, तर त्यात आपलीही सही असेल, कागदावर असो वा नसो.

आमच्या मागण्या

नगरपालिका कामगारांच्या संघटना लढत आहेतच. त्यांच्या पाठीशी आपले बळ उभे करण्यासाठी प्रत्येक शाखेने पुढील मागण्यांचा ठराव करावा असे आम्ही सुचवतो.

१. लेखी परवानगीशिवाय एकही माणूस मॅनहोलमध्ये किंवा टाकीत उतरणार नाही. परवानगीवर अधिकाऱ्याचे नाव, सही, वेळ आणि हवेच्या तपासणीचे आकडे असावेत. तिची एक प्रत कामगाराच्या हाती द्यावी.

२. परवानगी नसताना उतरण्यास नकार देणाऱ्या कामगाराची हजेरी कापू नये, बदली करू नये, कंत्राट तोडू नये.

३. कायम, कंत्राटी, रोजंदारी असा भेद सुरक्षिततेत चालणार नाही. काम पालिकेचे असेल तर जबाबदारी पालिकेचीच.

४. प्रत्येक पथकाजवळ वायुमापक, श्वसनयंत्र, तिवई आणि दोर असावेत. माणूस आत न उतरताच कोसळलेल्याला वर ओढता आले पाहिजे. साधनाशिवाय कोणीही वाचवायला उतरू नये हे प्रत्येक कामगाराला प्रत्यक्ष सरावाने शिकवावे.

५. प्रत्येक पालिकेत सुरक्षा समिती असावी, तिच्यात निम्मे प्रतिनिधी कामगारांचे असावेत आणि त्यात कंत्राटी कामगार व झाडू मारणाऱ्या बायकाही असाव्यात. गटाराइतकाच पहाटेच्या रस्त्यावरचा भरधाव ट्रक आणि कचऱ्यातली दवाखान्याची सुई हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

६. प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी आणि गुन्हा नोंदवताना ठेकेदारावरच न थांबता काम सांगणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत जावे.

यातली पहिली मागणी सर्वांत साधी आहे आणि सर्वांत जड आहे. सही मागितली की पुष्कळ कामे आपोआप थांबतात. वायुमापक नसताना सही करायला कोणता अधिकारी धजेल? आणि सही होत नाही म्हटल्यावर कोपऱ्यातले यंत्र बाहेर काढावेच लागेल.

एक काम मात्र ठरावाची वाट पाहत नाही. बीटवर फिरणाऱ्या पोस्टमनइतके शहर कोणी ओळखत नाही. कोणत्या गल्लीत कोणते झाकण उघडे आहे हे त्याला दिसते. ड्युटीवर जाता-येता रेल्वेच्या माणसालाही दिसते. कोणी दोरी बांधून खाली उतरत असेल तर दोन मिनिटे थांबा. मुकादमाला विचारा, "परवानगी दाखवा, हवा तपासली का?" उत्तर मिळाले नाही तर पालिकेला कळवा, आपल्या शाखेला कळवा. अशा तक्रारींसाठी केंद्राने २०२० मध्ये १४४२० हा क्रमांक जाहीर केला होता, त्यावरही नोंदवा. कदाचित तुम्हाला शिव्या बसतील. कदाचित उतरणारा माणूसच म्हणेल, "साहेब, जाऊ द्या, आजची मजुरी बुडेल." त्याच्यावर रागावू नका. त्याला सांगा की रेल्वेत लाइन क्लिअर नसेल तर गाडी थांबवणाऱ्याचा पगार कोणी कापत नाही. हा हक्क आम्ही लढून मिळवला आहे आणि तो तुझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत आमचा लढा अपुरा आहे.

आपण लोखंडाच्या गाडीला परवानगीशिवाय पुढे जाऊ देत नाही. हाडामांसाच्या माणसाला तरी कसे जाऊ द्यावे?